तीस कान, अठरा सेल

पहिल्या वर्षीचा हिशोब आम्ही भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी माझ्या ओसरीवर बसून केला. ११ बाया, ८ दिवस, हाताने केलेली दिवाळीच्या शुभेच्छांची १४६ कार्डं. त्यातली ९६ विकली गेली, २० रुपयाला एक. आले १,९२० रुपये. कार्डशीट, लेस, मणी, चमकी, टिकल्या आणि फेविकॉल यांचा खर्च १,३१०. हातात उरले ६१०. त्यात कानाच्या मशीनच्या सेलची ३ पाकिटं आली, म्हणजे १८ सेल. ज्या निवासी कर्णबधिर शाळेसाठी हा सगळा खटाटोप केला, तिथे मशीन लावणारी मुलं १५ होती. त्यांचे कान ३०.

ते १८ सेल मीच शाळेत नेऊन दिले. तिथल्या ताईंनी पाकिटं हातात घेतली, मनापासून आभार मानले आणि विचारलं, "मॅडम, आता हे आधी कोणाला देऊ?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी आम्ही जे काही बदललं, त्याची सुरुवात तिथून आहे. वस्त्यांवर, बचत गटांत, शाळांमध्ये अशी चांगल्या कामासाठीची कार्डं पुष्कळ ठिकाणी होतात. मन लावून होतात आणि बहुतेक ठिकाणी आमच्यासारखीच थकवून जातात. म्हणून हे सगळं तपशिलात लिहिते आहे.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गटातल्या निम्म्या जणी माझ्या विद्यार्थ्यांच्या आया आणि दोघी तर माझ्याच विद्यार्थिनी. सगळ्या शेतमजुरी करणाऱ्या, कोणाची दोन-तीन एकर कोरडवाहू आहे. शाळेशी नातं जुळलं ते एका घरामुळे. गटातल्या एकीचा मुलगा तिथे शिकतो. सुट्टीत घरी आला की दहा-बारा दिवस मशीन चालायचं आणि मग सेल संपला की डबीत जायचं. ती म्हणायची, "मशीन फुकट भेटलं मॅडम, पण त्याचं दानापानी आमच्याकडंच हाय."

हे दाणापाणी काय आहे ते आधी सांगायला हवं, कारण किती कार्डं करायची हे त्यावरूनच ठरलं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारच्या एडिप योजनेतून कानाचं मशीन मिळतं. त्यात लागणारा शर्टाच्या बटणाएवढा सेल झिंक-एअर जातीचा असतो. त्याच्या पाठीवर रंगीत स्टिकर असतं, मोठ्या ताकदीच्या मशीनला लागणाऱ्या ६७५ नंबरच्या सेलला निळं. ते सोललं की बारीक छिद्रातून हवा आत शिरते आणि सेल जिवंत होतो. एकदा सोललं की सोललं. स्टिकर परत चिकटवून तो थांबवता येत नाही, मशीन बंद असलं तरी तो आतून झिजत राहतो. साधारण दोन आठवडे चालतो, यंत्र जोराचं असेल तर त्याहून कमी. त्यात आमच्याकडचा उन्हाळा. वैशाखातल्या कोरड्या झळांनी सेलमधला ओलावा उडतो आणि तो आणखी लवकर मरतो. दोन आठवडे धरले तरी एका कानाला वर्षाला २६ सेल, एका मुलाला ५२, पंधरा मुलांना ७८०. सहा सेलचं पाकीट आम्हाला २०० रुपयांना पडत होतं. १३० पाकिटं, २६,००० रुपये. दरवर्षी.

हा आकडा आम्ही पहिल्या वर्षी काढलाच नव्हता. "जमेल तेवढं करू" म्हणून बसलो आणि जमलं तेवढंच झालं.

पहिल्या वर्षी वेळ कुठे गेला

मी वहीत नोंद ठेवली होती. एका कार्डाला सरासरी २५ मिनिटं लागली. १४६ कार्डांचे ६० तास. आमच्या बाया हळू काम करतात असं कोणी म्हणेल तर त्याने त्यांच्या मागे कापसाच्या ओळीत चालून पाहावं. हात हळू नव्हते. प्रत्येक जण एक कार्ड हातात घ्यायची आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीच करायची. कात्री शोधा, कापा, घडी घाला, आता यावर काय काढू याचा विचार करा, लाल रंग दुसरीकडे आहे म्हणून थांबा, फेविकॉल वाळेपर्यंत बसा, मग पुन्हा कात्री. दर कार्डाला तोच फेरा. त्या पंचवीस मिनिटांत खरं हातकाम सात-आठ मिनिटांचं होतं. बाकी वेळ शोधण्यात, ठरवण्यात आणि वाट पाहण्यात गेला.

कार्डशीट आम्ही अंदाजाने कापली होती, म्हणून कोणतीही दोन कार्डं सारखी नव्हती आणि पाकिटं आणली तेव्हा तिसरा हिस्सा कार्डं त्यांत जाईनात. पातळ लावायच्या जागी फेविकॉल थापला, कागदाला पोपडे आले. घडी आधी घातली आणि रंग नंतर दिला, तर घडीच्या उंचवट्यावर रंग फाटला. मणी आणि लेस लावल्याने वजन वाढलं. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट लागायचं, आमची काही कार्डं त्यापुढे गेली आणि पुण्याला असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला त्याचं कार्ड बेरंग पोचलं. शुभेच्छा घेण्यासाठी त्याने पोस्टमनला पैसे दिले. त्याने तक्रार केली नाही, पण मला ते फार लागलं.

आणि शिक्का. तालुक्याच्या गावी करून घेतलेल्या रबरी शिक्क्यावर 'शुभ दिपावली' आलं. दीपावलीतला दी दीर्घ. ३५ वर्षं मी पोरांच्या वह्यांत तो सुधारला आणि माझ्याच कार्डांवर तो ऱ्हस्व छापला गेला. दोष करणाऱ्याचा नाही, नमुना न पाहता पैसे मी दिले. ७० कार्डांवर उमटल्यावर तो माझ्या लक्षात आला. बारीक ब्रशने वेलांटी दुरुस्त करण्यात एक अख्खी दुपार गेली.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. दिवाळीची कार्डं म्हणून आम्ही दिवाळीच्या तोंडावर बसलो. आमच्याकडे तेव्हा सोयाबीनची सोंगणी आटोपत असते आणि कापसाची वेचणी सुरू होते. वेचणीला किलोवर मजुरी मिळते, दिवसभर वाकलेली बाई रात्री आठला कार्डाला बसायची. डोळे मिटत असताना टिकली चिकटवायची. ते आठवलं की आजही मला वाईट वाटतं.

पापडाच्या वाळवणात सापडलेली गोष्ट

चैत्र संपता संपता माझ्याकडे पापड होते. आमच्या आळीत पापड, कुरडया, सरगुंडे अजूनही एकमेकींच्या घरी जाऊन करतात. मी लाटत होते आणि कार्डांचा विषय निघाला. आमच्या गटातली सुताराची सून गोळ्या कापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मॅडम, आपन पापड असे करतो का? एक बाई एक पापड मळून, लाटून, खाटेवर टाकून मंग दुसऱ्याचं पीठ मळते का?"

सगळ्या हसल्या. मी लाटणं खाली ठेवलं. खरंच, एकीने मळलं होतं, एक गोळ्या कापत होती, चौघी लाटत होत्या, एक पोरगी ताटावरून उचलून खाटेवरच्या लुगड्यावर पसरत होती आणि म्हातारी आजी कावळे हाकलत होती. दुपारपर्यंत चार किलोचे पापड झाले होते आणि कोणालाही काही विचारावं लागलं नव्हतं.

पण यात एक फरक आहे आणि तो आम्हाला दुसऱ्या प्रयत्नात कळला. पापडाचं पीठ थांबत नाही, वाळतं. म्हणून सगळ्यांना एकाच दिवशी एकत्र बसावंच लागतं. आम्ही आधी कार्डांनाही तशीच रांग लावली. पहिली आखेल, दुसरी रंग देईल, तिसरी शिक्का मारेल. दोन दिवसांत ती रांग मोडली. नळाला पाणी आलं की तिसरी उठायची आणि चौथी रिकामी बसायची. कोणाचं लेकरू तापलं, कोणाला अचानक निंदणाला बोलावणं आलं. रोज ठरलेल्या वेळी ठरलेली माणसं असतील तर रांग चालते. आमच्याकडे तशी खात्री कोणीच देऊ शकत नाही आणि ती मागणंही बरोबर नाही.

मग आम्ही रांग सोडली आणि टप्पे धरले. एक टप्पा शंभर कार्डांचा पुरा करायचा, गठ्ठा पेटीत ठेवायचा, वर चिठ्ठी लावायची: 'आखून झालं' किंवा 'हिरवा झाला, लाल बाकी'. जिला जेव्हा वेळ मिळेल तिने यायचं, पेटी उघडायची, चिठ्ठी वाचायची आणि पुढचा टप्पा करायचा. एकटी आली तरी काम पुढे जातं, सहा जणी आल्या तरी जातं. कागद वाळून खराब होत नाही, तो वाट पाहू शकतो. वाट बाईने पाहायची नाही, कागदाने पाहायची. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखी मुख्य गोष्ट हीच होती.

कागद आणि प्रेस

आम्ही वर्ध्याचे, त्यामुळे हातकागदाचा मोह आधी झाला. मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तो उभा केला, आणि हातकागद हा त्यांच्या कामातला महत्त्वाचा उद्योग होता. आमच्या जिल्ह्यात त्या कागदाबद्दल आपलेपणा आहे. मी थोडा आणून पाहिला. सुंदर दिसतो, पण आम्हाला मिळालेल्या तावांची जाडी एकसारखी नव्हती, रंग जास्त पिऊन पसरत होता आणि किंमत आमच्या हिशोबात बसेना. जड मनाने तो बाजूला ठेवला.

घेतला तो साधा २५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणारा, पांढरा कागद, ए-फोर मापाचा. २१० बाय २९७ मिलिमीटर. मधोमध कापला की दोन तुकडे, प्रत्येक तुकड्याची मधोमध घडी घातली की १०५ बाय १४८ चं कार्ड. ते ११४ बाय १६२ च्या तयार पाकिटात नीट बसतं आणि ही पाकिटं बाजारात सहज मिळतात. एक चिंधी वाया जात नाही. वजनही आधीच काढता येतं: एका कार्डाचा कागद पावणेआठ ग्रॅम, पाकीट चारेक ग्रॅम, रंग धरला तरी २० ग्रॅमच्या खूप आत. आणखी एक गोष्ट प्रेसवाल्या भाऊंनी शिकवली. कागदाला लाकडासारखे तंतू असतात. तंतूंच्या दिशेने घडी घातली तर ती स्वच्छ पडते, आडवी घातली तर तडकते. ए-फोरमध्ये तंतू बहुधा लांब बाजूने जातात, त्यामुळे असा अर्धा कापलेल्या तुकड्याची घडी आपोआप योग्य दिशेने येते. खात्री करायची तर तुकडा दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचा, ज्या बाजूने तो सहज वाकतो ती तंतूंची दिशा.

हे भाऊ लग्नपत्रिका छापतात. उन्हाळ्यात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. पण आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, लग्नं थांबतात आणि कटिंग मशीन धूळ खात उभं राहतं. आम्ही नेमके तेव्हा गेलो. १,०५० कागद सहा कापांत अर्धे झाले, चहासकट तासभर लागला. कात्रीने हेच करायला आम्हाला पंधरवडा लागला असता आणि तरी एकही तुकडा काटकोनात आला नसता. यंत्राने करायचं ते यंत्राला द्यावं याबद्दल माझ्या मनात आता किंतु नाही. हाताचा स्पर्श कापलेल्या कडेत कोणी शोधत नाही.

चातुर्मासाने आणखी एक सोय केली. आषाढ-श्रावणात आमच्याकडे झड लागते. तीन-तीन दिवस पाऊस उघडत नाही, वावरात पाय ठेवता येत नाही, निंदण बंद, मजुरी बंद. ते रिकामे दिवस आम्ही कार्डांना दिले. सोयाबीन सोंगणीला येण्याआधी, पितृपक्ष लागायच्या आत, रंगकाम पुरं झालं होतं.

एक्स-रेची फिल्म

चित्रं मुलांची. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच शाळेत जाऊन आणली होती. १९४९ साली युनिसेफचं पहिलं शुभेच्छापत्र निघालं ते चेकोस्लोव्हाकियातल्या जित्का सामकोव्हा या सात वर्षांच्या मुलीच्या चित्राचं. गावाला युनिसेफकडून मिळालेल्या मदतीबद्दल तिने ते काढलं होतं, आणि कागद नव्हता म्हणून काचेवर काढलं होतं. मी ही गोष्ट गटात सांगितली तेव्हा एक काकू म्हणाल्या, "मंग आपल्या पोराईनं काहून नाई काढाव?" तिथून मणी-लेसचा विषय कायमचा संपला.

आलेल्या चित्रांतून चार निवडली: तान्ह्या पोळ्याचा चाकांवरचा लाकडी बैल, फुटलेलं कापसाचं बोंड, पळसाची फांदी आणि दारासमोर ओळीने लावलेल्या पणत्या. निवडताना सुंदर कोणतं हे आम्ही पाहिलं नाही. दोन रंगांत होईल आणि ज्यात बारीक रेघा नाहीत ते पाहिलं. एका मुलीचं विहिरीवरच्या बायांचं चित्र मला सगळ्यांत आवडलं होतं, पण त्यात सात रंग होते. ते मी माझ्या घरी भिंतीवर लावलं आहे.

साचे केले ते जुन्या एक्स-रे फिल्मचे. रांगोळीचे छाप आमच्याकडे याच फिल्मचे कापतात, बायांना त्याची सवय आहे. फिल्म गरम पाण्यात सोडा टाकून भिजवली, काळा थर घासून काढला की ती आरपार दिसते. खाली मुलाचं चित्र ठेवायचं आणि धारदार कटरने तीच रेघ कापायची, पोराचा हात जिथे हलला आहे तिथे आपलाही हलवायचा. बैलाचं एक शिंग दुसऱ्यापेक्षा लांब होतं. सुताराच्या सुनेने ते सारखं करायला घेतलं, मी थांबवलं. ते त्याचं शिंग आहे.

रंग द्यायला ब्रश नाही, जुन्या गादीच्या फोमचे चौकोनी तुकडे. आणि इथे खरी कला आहे. फोम रंगात बुडवायचा, मग आधी रद्दी वर्तमानपत्रावर तीन-चारदा टेकवायचा. जवळजवळ कोरडा झाल्यासारखा वाटला की मग साच्यावर. थपथप मारायचं, ओढायचं नाही. रंग ओला राहिला किंवा फोम ओढला की तो फिल्मच्या कडेखाली शिरतो आणि बैलाला केस येतात. पहिल्या शंभरात असे केसाळ बैल बरेच निघाले. दर पंचविसाव्या कार्डानंतर साचा ओल्या फडक्याने पुसायचा, नाहीतर कडेला रंग साचून रेघ जाडावते. पोस्टर कलर आम्ही सोडला, ओल्या बोटाने तो पुसला जातो. ॲक्रिलिक घेतला. एका बैठकीत एकच चित्र आणि त्याचा एकच रंग, म्हणजे कोणालाही काही ठरवावं लागत नाही आणि हात आपोआप लयीत येतात.

वाळवायला समाजमंदिरात खाटा टाकल्या, वर लुगडी, पापडासारख्याच ओळी. झडीच्या दमट हवेत कागद कडेने वर वळायचा. वाळल्यावर गठ्ठा दोन फळ्यांत धरून वर दोन विटा ठेवल्या की रात्रीत सपाट व्हायचा.

आखणीसाठी सुताराने एक पाट करून दिला. दोन बाजूंना काटकोनात पट्ट्या ठोकलेल्या, वर मधोमध आडवी लोखंडी पट्टी. कागद कोपऱ्यात सरकवायचा, पट्टीच्या कडेने क्रोशाच्या सुईची बोथट बाजू एकदा दाबून ओढायची. मोजायचं काही नाही. घडी मात्र सगळ्यात शेवटी. "आधी रंग का आधी घडी?" हा पहिल्या वर्षीचा वाद पाटाने मिटवला: आधी आखणी, मग सपाट कागदावर रंग, मग घडी.

आतला मजकूर आम्ही कोरा ठेवला. हा निर्णय माझा आणि त्याचं मला समाधान आहे. कार्ड तयार, पण कशाचं ते अजून ठरलेलं नाही. मागणी आली की त्या संचावर शिक्का: 'दिवाळीच्या शुभेच्छा', 'तिळगूळ घ्या, गोड बोला' किंवा काहीच नाही. या वेळी शिक्के करण्याआधी मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून दिला, कागदावर उमटवून आणला, तिघींनी वाचला आणि मगच पैसे दिले.

मजुरी द्यायची की नाही

यावर गटात खरी ओढाताण झाली. दोघींचं म्हणणं होतं, पुण्याचं काम आहे, त्याचे पैसे घेऊ नयेत. गावातल्या काही प्रतिष्ठित मंडळींनीही मला तेच ऐकवलं. माझं मत उलट होतं आणि आजही आहे. ज्या बाईचं घर रोजच्या मजुरीवर चालतं, तिच्याकडून फुकट काम घेऊन आपण दान केलं म्हणणं मला पटत नाही. ते दान तिच्या चुलीतून जातं. जिला सोडायचे तिने घेतल्यावर सोडावेत.

वहीतल्या नोंदीप्रमाणे शंभर कार्डांना आखणी ५० मिनिटं, पहिला रंग २ तास, दुसरा दीड तास, आतला शिक्का ४० मिनिटं, मागचा ३०, घडी ३०, तपासून पाकिटासह बांधणं १ तास. एकूण ७ तास. शंभराला ३०० रुपये ठरवले, म्हणजे निंदणाच्या दिवसाएवढे. प्रत्येकीने केलेले टप्पे चिठ्ठीवर लिहिले आणि वाटणी त्यावरून झाली. कार्डामागे मजुरी ३ रुपये, सामान ४ रुपये. २० रुपयांना विकून १३ उरतात. सहाचा एक संच केला, सेलच्या पाकिटासारखा, म्हणजे संचामागे ७८. २६,००० साठी ३३४ संच लागणार होते.

मागच्या बाजूला काय लिहायचं यावरही बोलणं झालं. कोणीतरी सुचवलं, 'मुक्या-बहिऱ्या मुलांना मदत करा' असं ठळक टाका, लोक लगेच घेतील. मी नाही म्हटलं. त्या मुलांपैकी कोणाच्या हातात हे कार्ड पडलं तर त्याने ते वाचायचं? आम्ही लिहिलं: 'चित्र: कर्णबधिर विद्यालय, इयत्ता चौथी. विक्रीतून मुलांच्या श्रवणयंत्राचे सेल.' पुरेसं आहे.

विक्री

आता कार्डं पाठवतं कोण, सगळं मोबाइलवर असतं, हे मला किमान पन्नास जणांनी सांगितलं. खरं आहे. वरोड्याच्या आनंदवनातली भेटकार्डं घराघरात यायची तो काळ मी पाहिला आहे, तो आता नाही. म्हणून पोस्टाने पाठवणाऱ्यांवर आम्ही विसंबलो नाही. नागपूर-पुण्याला असलेल्या गावच्या पोरापोरींना संच दिले, ते फराळाच्या डब्यासोबत कार्ड ठेवू लागले. मजकूर कोरा असल्यामुळे वाढदिवस, बारसं, लग्नाच्या आहेराच्या पाकिटासोबत, कशालाही चाललं. दिवाळीत १७६ संच गेले. मग संक्रांत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं आणि वाण काय द्यावं हा दरवर्षी सगळ्यांपुढे प्रश्न असतो. तालुक्याच्या गावातल्या काही बायांनी एकेक कार्ड पाकिटासह वाण म्हणून लुटलं. त्या एका महिन्यात ११५ संच गेले. हे आम्हाला आधी सुचलं असतं तर आकडा वाढला असता.

एकूण २,१०० तुकडे कापले, ८८ बिघडले, ३३५ संच बांधण्याएवढी कार्डं झाली, २९१ विकले गेले. जमा ३४,९२०. सामान ८,४०० आणि मजुरी ६,३०० वजा जाता २०,२२० रुपये. काम झालं १४७ तासांचं. पहिल्या वर्षी ६० तासांत १४६ कार्डं झाली होती.

१०१ पाकिटं, ६०६ सेल. लागणार होते ७८०. तीस कानांना चाळीस आठवडे पुरतील एवढे. सगळे एकदम घेतले नाहीत, आमच्या उन्हाळ्यात साठवून ठेवणं धोक्याचं, म्हणून तीन-तीन महिन्यांचे घेतो आणि शाळा ते माठाजवळच्या थंड कपाटात ठेवते. पहिली खेप द्यायला या वेळी आठ जणी सोबत आल्या होत्या. बैलाचं चित्र काढणाऱ्या मुलाने सेलचं निळं स्टिकर सोललं, सेल तळहातावर ठेवला आणि ताईंनी शिकवल्याप्रमाणे हवा आत जाईपर्यंत मिनिटभर थांबला, बोटांवर मोजत. मग मशीनमध्ये घालून कानाला लावलं. सुताराच्या सुनेने त्याच्यापुढे कार्ड धरलं. त्याने लांब शिंगावर बोट ठेवलं आणि स्वतःच्या छातीवर.

उरलेले बारा आठवडे एप्रिल ते जूनमध्ये येतात. त्यातला मे सुट्टीचा, तेव्हा मुलं घरी असतात आणि सेल आईबापांनी आणायचा असतो. त्यासाठी या वर्षी संक्रांतीच्या वाणाची मागणी आम्ही मार्गशीर्षातच विचारून ठेवणार आहोत. पळसाचा साचा कडेने झिजला आहे, तो नवा कापायचा आहे. ४४ संच पेटीत आहेत, आतून कोरे.